फूल न येणाऱ्या वेलीची कुळकथा



मागच्या आठवड्यात कोकणातल्या एका बागायतदार दादांचा फोटो आला. आंब्याच्या खोडावर मनगटाएवढी जाड वेल चढलेली, दोन-दोन फुटांची पानं, कडेनं आत चिरत गेलेली. सोबत प्रश्न होता, "एक जण म्हणतो ही गजपिंपळी आहे, औषधाला जाते. नारळाच्या बागेत ३०० काड्या लावायचा विचार आहे. लावू का?"

मी म्हणलं, थांबा. खालचं कोवळं पान आणि देठ जवळून दाखवा. दुसरा फोटो आला. हिरव्या पानावर पिवळे पट्टे, देठाला वरच्या बाजूनं पन्हळ. दादा, ही तुमच्या खिडकीत बाटलीत ठेवलेलीच वेल. मनी प्लांट.

त्यांना पटेना. बाटलीतलं पान तळहाताएवढं, हे सुपाएवढं. पण या वेलीची खोडच ती. लोंबत ठेवली की पान लहान राहतं. झाडावर चढली, हवेतल्या मुळांनी खोड धरलं, की वर जाईल तसं पान मोठं होतं आणि फाटत जातं. एकाच वेलीची दोन रूपं. दादा फसले यात नवल नाही. मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ या वेलीपुढं ऐंशी वर्षांहून जास्त काळ गोंधळले होते. ती गोष्टच आज सांगतो.

१८८० साल. बेल्जियममध्ये जाँ लिंडन यांची परदेशी झाडांची मोठी नर्सरी होती. तिथं आलेल्या या पिवळ्या पट्ट्यांच्या वेलीला लिंडन आणि एदुआर आंद्रे यांनी नाव दिलं 'पोथॉस ऑरियस'. ऑरियस म्हणजे सोनेरी. वेल सॉलोमन बेटांवरची असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. नर्सरीवाले आजही हिला 'पोथॉस' म्हणतात, ते तेव्हापासून.

१९०८ मध्ये जर्मनीच्या अ‍ॅडॉल्फ एंग्लर यांनी तिला 'सिंडॅप्सस' या कुळीत टाकलं. आता इथं नीट लक्ष द्या. खरी गजपिंपळी याच कुळीतली, 'सिंडॅप्सस ऑफिसिनॅलिस'. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ पुस्तकातसुद्धा मनी प्लांट ही गजपिंपळीची भावकी होती!

असं का झालं? या वेली एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या तर फुलाचं कणीस लागतं. कणसातल्या एकेका बीजांडकोशात बीजांडं किती आणि कशी, यावरून कुळी ठरते. सिंडॅप्ससमध्ये एकच असतं. आणि ही बया तर फुलतच नाही. मग पान बघून अंदाज बांधायचा, दुसरं काय?

शेवटी १९६२ च्या सुमारास अमेरिकेत एक वेल फुलली. फूल बघितलं आणि आधीचं नाव गेलं. आधी 'ऱ्हॅफिडोफोरा' ठरलं, लगेच १९६४ मध्ये जॉर्ज बंटिंग यांनी 'एपिप्रेम्नम ऑरियम' केलं. मध्ये काही अभ्यासकांनी तिला दुसऱ्याच एका जातीत मिसळलं, पुन्हा वेगळं काढलं. आज १९६४ चंच नाव चालतं. मूळ गावही बदललं. सॉलोमन नव्हे, तिथून हजारो किलोमीटर पूर्वेला ताहितीशेजारचं मोरेआ बेट.

ही फुलत का नाही, याचं उत्तर द्राक्षवाल्यांना लगेच कळेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की वेलीत जिबरेलिन तयार करणारं एक जनुक कामच करत नाही. जिबरेलिन म्हणजे आपलं जीए, ज्यात आपण थॉमसनचे घड बुडवतो तेच. संशोधकांनी वेलीवर जीए फवारलं आणि फुलं आली. त्याआधी आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची होती.

फूल नाही म्हणजे बी नाही. तरी ही वेल जगभर पोचली, ती निव्वळ काडीवर. एका घरातून दुसऱ्या घरात, बाटलीतून बाटलीत.

आता दादांच्या ३०० काड्यांकडं येऊ. बाजारात गजपिंपळी म्हणून जातं ते त्या वेलीचं वाळवलेलं फळ. जिला फुलायचंच माहीत नाही, तिला फळ कुठून धरणार? नारळ अडकला असता, हातात काही नसतं. वर या वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावली की तोंड-घसा जळतो, सुजतो. औषध म्हणून कुणी खाल्ली असती तर? आणि बागेत मोकळी सोडली तर आवरणं कठीण. श्रीलंका आणि हवाई बेटांवर ती उपद्रवी वेल ठरली आहे.

ओळखीच्या खुणा लिहून ठेवा:

– मनी प्लांट: पिवळे पट्टे, देठाला पन्हळ, झाडावर चढल्यावर फाटलेली पानं.
– गजपिंपळी: मोठं झालं तरी पान अखंड, गर्द हिरवं, देठाला दोन्हीकडं रुंद पंखासारखी पट्टी.
– काळी मिरी: पान चुरगळलं की मिरीचा वास, पेरं फुगीर, शिरा पानाच्या बुडाजवळून फुटलेल्या.
– फिलोडेंड्रॉन: नवं पान पातळ पापुद्र्यातून निघतं. मनी प्लांटला तो नसतो.

घरात मनी प्लांट जरूर लावा. काडीला एक तरी पेर हवं. नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. उजेड चांगला, पण कडक ऊन नको. अंधारात पट्टे फिके पडतात. छाटलेली वेल शेळ्यांपुढं किंवा झाडीत टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवा, मगच उकिरड्यावर.

दादांनी वेल बुडातून तोडली. आंबा मोकळा झाला.

काडीवर येणारं कुठलंही पीक घेताना एवढं करा: आधी मातृवेल बघायला जा, तिला लागलेलं फूल-फळ डोळ्यांनी बघा, मगच काडी घ्या. पान फसवतं. पुस्तकवाल्यांनाही त्यानं फसवलंय.