एका परक्या पक्वान्नाची कुळकथा

आपल्याकडे तुळशीचे लग्न आटोपून देवळांच्या जत्रांचे दिवस सुरू होतात, त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' नावाचा कृतज्ञतेचा सण साजरा होतो. त्या दिवशी घरोघर टर्की हा मोठा पक्षी भाजतात. आणि एवढा पक्षी एका जेवणात संपत नसल्यामुळे, जे उरते त्याचे दुसऱ्या दिवशी 'कॅसरोल' करतात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज त्या देशी नांदत आहेत. शाळेतून हा सण शिकून आलेले नातवंड आजीला विचारते, "आपण हे का करीत नाही?" त्या आजीला पाककृती नको असते, त्या पदार्थाचे कूळ जाणून घ्यायचे असते. तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कृती तशी सोपीच आहे. शिळ्या पावाचे तुकडे लोण्यात परतलेला कांदा, सेलरीचे देठ आणि सेज नावाचा सुगंधी पाला यांत कालवून त्यांवर थोडे सूप शिंपडले की सारण तयार होते. पूर्वी ते पक्ष्याच्या पोटात भरीत. पण आतले सारण ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावाचून निर्धोक होत नाही आणि तोवर बाहेरचे मांस कोरडे पडते, म्हणून आता पुष्कळजणी ते निराळेच भाजतात. कॅसरोलसाठी खोलगट भांड्यात उरलेल्या टर्कीचे तुकडे पसरतात, अळंब्यांचे डब्यातील दाट सूप दुधात सैल करून त्यांवर ओततात, वर सारणाचा थर देतात आणि सुमारे १७५ अंशांच्या भट्टीत अर्धा-पाऊण तास ठेवतात. 'कॅसरोल' हे मूळ भांड्याचे फ्रेंच नाव. हंडीत शिजलेल्या पदार्थास आपण 'हंडी' म्हणतो, तसेच हे झाले.

ही सुलभता मात्र जुनी नव्हे. १८९७ साली जॉन डोरन्स या रसायनज्ञाने कॅम्पबेल कंपनीत सूप आटवून डब्यात भरण्याची रीत बसविली. अळंब्यांचे सूप १९३४ साली आले. आणि रूथ सीम्स या गृहशास्त्रज्ञ महिलेच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले कोरडे सारण १९७२ साली खोक्यातून बाजारात आले. गृहिणीचे श्रम असे कारखान्याने हलके केले. पण ज्या पक्ष्यावाचून हा पदार्थ झालाच नसता, तो कारखान्याने दिला नाही. त्याचा इतिहास फार मागे जातो.

टर्की हा मूळचा मेक्सिकोच्या बाजूचा पक्षी. तेथील मूळ रहिवाशांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच तो माणसाळविला होता. त्यांच्या नाहुआट्ल भाषेत त्याच्या नरास 'हुएशोलोत्ल' म्हणत. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तेथे त्याच्या नावाचा विलक्षण घोळ झाला. तुर्की व्यापाऱ्यांच्या मार्फत येणाऱ्या दुसऱ्याच एका कोंबडीजातीशी गल्लत होऊन इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. फ्रेंचांनी त्यास 'भारतातला' अशा अर्थाचे नाव दिले. तुर्क तर सरळ 'हिंदी' म्हणू लागले. डचांनी कालिकत बंदरावरून त्याचे नाव पाडले आणि पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटले. मराठीत पेरू म्हणजे फळ, पोर्तुगीजांच्या तोंडी पेरू म्हणजे हा पक्षी! ज्याने त्याने आपल्या कल्पनेतील दूरदेशाचे नाव त्यास चिकटविले. ज्यांनी तो पाळून वाढविला त्यांचे नाव मात्र युरोपात कोणी राखले नाही.

या पक्ष्याचा हिंदुस्थानात झालेला प्रवेश आम्हां गोमंतकीयांना विशेष आस्थेचा वाटावा. जहांगीर बादशहाने मुकर्रबखान या आपल्या सरदारास दुर्मीळ वस्तूंच्या खरेदीसाठी गोव्यास धाडले होते. १६१२ साली तो परतला, तेव्हा त्याने आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत टर्कीही होती. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तिचे बारकाईने वर्णन केले आहे: आकाराने मोरणीहून मोठी, मोराहून लहान, आणि डोक्या-मानेचा रंग क्षणोक्षणी पालटणारी. एवढ्यावर न थांबता त्याने तिचे चित्र काढविले. उस्ताद मन्सूरच्या हातचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेक्सिकोतून निघालेला पक्षी आग्ऱ्याच्या चित्रशाळेत पोचला, तो आपल्या मांडवीकाठच्या बंदरावरून.

टर्की आपल्या स्वयंपाकघरात रुळली नाही. पण तिच्याच खंडातून, बहुतांशी त्याच पोर्तुगीज गलबतांच्या वाटेने आलेले तिचे सोबती आपल्या ताटात केव्हाच स्थानापन्न झाले. काजू, अननस, बटाटा ही नावे पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आली. आणि आमच्या एकादशीच्या फराळाकडे जरा निरखून पाहावे! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. खिचडीत आपले म्हणावे असे तूप आणि जिरे तेवढे उरतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, मिरची यांस अद्याप प्रवेश नाही. त्या मंदिराच्या स्वयंपाकघराने जुन्या अन्नाची आठवण राखली आहे. आपण मात्र उपवासाच्या दिवशीही परदेशी पाहुण्यांनाच पाटावर बसवितो, आणि ते पाहुणे होते हेही विसरून गेलो आहोत.

आता त्या सणाकडे वळू. १६२० च्या अखेरीस इंग्रजांची एक तुकडी आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथे उतरली. ती जागा ओसाड नव्हती, ओसाड पडलेली होती. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान आलेल्या साथीने तेथील पटुक्सेट गाव निर्मनुष्य झाले होते. त्या गावचा टिस्क्वांटम हा वाचलेला माणूस. त्यानेच या नवागतांना मका कसा पेरावा हे शिकविले. १६२१ च्या शरदात पीक हाती आले, तेव्हा वाम्पानोआग लोकांचा नायक मॅसासॉइट नव्वद माणसांनिशी आला आणि तीन दिवस भोजने चालली. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात पाहुण्यांनी आणलेल्या पाच हरणांचा आणि शिकारीच्या पक्ष्यांचा उल्लेख आहे. टर्कीचे नाव नाही. मात्र त्या हंगामात रानटर्की विपुल मिळाल्याचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड लिहून गेला आहे.

त्या मैत्रीचा शेवट कटू झाला. मॅसासॉइटचाच पुत्र मेटाकॉम याने वाढत्या वसाहतींविरुद्ध शस्त्र उचलले. १६७६ साली तो मारला गेला आणि ज्या प्लिमथमध्ये त्याच्या पित्याने पंगतीला बसून मैत्री राखली होती, तेथेच त्याचे शिर खांबावर लटकविण्यात आले. पुढे दीडशे वर्षांनी सारा जोसेफा हेल या लेखिकेने १८२७ च्या 'नॉर्थवुड' कादंबरीत या सणाचे जेवण रंगविले, त्यात सारण भरलेल्या टर्कीस अग्रस्थान दिले. हा सण राष्ट्राचा व्हावा म्हणून तिने वर्षानुवर्षे लेख आणि पत्रे लिहिली. अखेर यादवी युद्धाच्या ऐन भरात, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली. चौथा गुरुवार हा दिवस १९४१ च्या कायद्याने ठरला.

परंतु १९७० पासून त्याच दिवशी, त्याच प्लिमथमध्ये, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी मूळ रहिवासी जमून शोकदिन पाळतात. एकाच्या घरी पंगत आणि दुसऱ्याच्या घरी सुतक! हे समजावयास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. ज्या शतकात काजू आणि अननस घेऊन ती गलबते आपल्या किनाऱ्यास लागली, त्याच शतकात, १५६० साली, श्रीमंगेशास कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास हलवावे लागले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. काजू गोड लागला म्हणून ती रात्र विसरावी असे आम्हांस कोणी सांगितले तर ते रुचणार नाही. आणि त्या रात्रीच्या रागाने काजूचे झाड कोणी तोडलेलेही नाही. दोन्ही आठवणी आपण एकाच अंगणात वागविल्या आहेत.

म्हणून त्या आजीस आमचे सांगणे एवढेच. मांस वर्ज्य असेल तर भाजीच्या सारात भिजविलेले पावाचे सारण नुसतेच भाजावे. शेजाऱ्याने प्रेमाने बोलाविले तर त्याच्या पंगतीस आनंदाने जावे. उरले अन्न दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवून तीन-चार दिवसांत संपविण्याची जी शिस्त त्या देशी सांगतात, ती 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांस परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र पान वाढताना नातवंडास हुएशोलोत्ल पाळणाऱ्यांची आणि मका पेरावयास शिकविणाऱ्या टिस्क्वांटमची गोष्ट सांगावी. आणि पुढच्या एकादशीस, खिचडी वाढताना, तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगावी. कृतज्ञतेचा सण असे ज्याचे नाव, त्याचा अर्थ याहून निराळा तो काय असणार?