बावची, ऊन आणि औषधाचें कुलूप

औषध पोटांत गेलें कीं रक्ताबरोबर सर्वत्र हिंडतें, आणि जेथें त्याची गरज नाहीं तेथेंही आपला परिणाम करतें. तें हव्या त्या जागीं, हव्या त्या वेळींच जागें व्हावें, ही वैद्यकाची आकांक्षा आहे. तिचा एक धागा आपल्या बावचीपर्यंत पोंचतो.

पांढऱ्या कोडाला आयुर्वेदांत श्वित्र म्हणतात. त्यावर बाकुची, म्हणजे बावची, आणि सूर्याचें ऊन हे उपाय प्राचीन वैद्यांना ठाऊक होते. त्यांतील मर्म मात्र रसायनशास्त्रानें उलगडलें. १९३३ सालीं भारतीय रसायनज्ञांनीं बावचीच्या बियांतून सोरालेन हें द्रव्य वेगळें काढलें. अंधारांत तें बहुतेक निद्रिस्त असतें. ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या अदृश्य जंबुपार लहरी त्यावर पडल्या कीं तें पेशींतील जनुकद्रव्याशीं बांधलें जातें. उपचार नेमानें चालल्यास केसांच्या मुळांशीं उरलेल्या रंगपेशी हळूहळू त्वचेवर पसरतात. तेव्हां अकोल्याच्या उन्हाचा चटका हें औषध नव्हे. खरी किल्ली तो न दिसणारा किरण होय. १९७४ सालीं अमेरिकेंत हीच युक्ति सोरायसिसवर यशस्वी ठरली.

आतां शास्त्रज्ञ औषधालाच कुलूप घालूं पाहत आहेत. पॉलिमर म्हणजे लहान घटकांची लांबच लांब सांखळी. तिच्या सूक्ष्म डबींत औषध कोंडावयाचें. प्रकाश पडला कीं सांखळीचा एखादा दुवा तुटतो किंवा वांकतो, आणि औषध बाहेर येतें. अझोबेन्झीन प्रकाशानें असा आकार बदलतें, हें १९३७ सालींच दिसून आलें होतें. अडचण एवढीच कीं जंबुपार किरण त्वचेंत फार खोल जात नाहींत. म्हणून तांबड्यापलीकडील किरणांनीं उघडणाऱ्या डब्या शोधल्या जात आहेत. हें कार्य अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे.

आयुर्वेदानें श्वित्राचा विचार कुष्ठाबरोबरच केला, आणि लोकांनीं दोन्ही एकच मानलीं. १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं अमरावतीस तपोवन उभारलें, तें कुष्ठरोग्यांसाठीं. कुष्ठरोगाचें कारण जंतु आहे, आणि तोही आज औषधानें बरा होतो. कोड तर कोणत्याही जंतूनें होत नाहीं, आणि स्पर्शानें लागत नाहीं. तरी सोयरिकीच्या बैठकींत एका पांढऱ्या डागावरून मुलीचें नशीब ठरतें, ही लाजेची गोष्ट आहे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बावची लावून मनास येईल तितकें ऊन घेतल्यास कातडी भाजून फोड येतात. येथें मात्रा दोन असतात, एक औषधाची व दुसरी प्रकाशाची. आणि दोन्ही जाणत्या वैद्याच्याच हातीं असाव्यात.