साक्ष, पडदा आणि न्याय

निकाल लागला की सत्यही ठरले, असे मानण्याची आपली रीत आहे. अमेरिकेतील डॅलस येथे १९७६ साली एका पोलिसाचा गोळ्या झाडून खून झाला. १९७७ मध्ये रँडल अ‍ॅडम्स या इसमास मृत्युदंड सुनावण्यात आला. मुख्य साक्षीदार होता सोळा वर्षांचा डेव्हिड हॅरिस. ज्या मोटारीतून गोळ्या सुटल्या, ती चोरून आणणाराही तोच! १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड रद्द केला. परंतु गव्हर्नरांनी शिक्षा जन्मठेपेवर आणल्यामुळे खटल्याची फेरसुनावणी झालीच नाही.

एरल मॉरिस हा चित्रपटकार वेगळ्याच विषयासाठी टेक्ससमध्ये गेला होता. अ‍ॅडम्सची हकीकत ऐकून त्याने साक्षीदारांना पुन्हा बोलते केले व प्रत्येकाची जबानी पडद्यावर साकारली. त्यांचा परस्परांशी मेळ बसेना. अखेर अ‍ॅडम्स निर्दोष असल्याचे हॅरिसनेच ध्वनिफितीवर सांगितले. ‘द थिन ब्लू लाइन’ हा माहितीपट १९८८ मध्ये पडद्यावर आला. मार्च १९८९ मध्ये न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली व अ‍ॅडम्स सुटला.

निवाडा माहितीपटाने दिला नाही, न्यायालयानेच दिला; पण साक्ष पुन्हा तपासण्यास त्याने भाग पाडले. मे १९७९ मध्ये ठरलेला देहदंड अवघे तीन दिवस आधी स्थगित झाला होता. तो अमलात आला असता, तर ही दुरुस्ती कोणासाठी झाली असती?