पावसाळ्यात गोठ्याची निसरडी जमीन : जनावरे आणि माणसे घसरू नयेत म्हणून

विरार पूर्वेला चंदनसार आणि आसपासच्या वसई-विरार पट्ट्यात पावसाळाभर गोठ्याची जमीन सुकत नाही. त्यात शेण, मूत्र आणि शेवाळ मिसळले की गुळगुळीत कोबा किंवा शहाबादी फरशी साबणासारखी होते. म्हैस घसरली की बहुधा मागचे पाय फाकतात. मांडीचे स्नायू फाटतात, खुबा निखळतो, आणि इतके वजनाचे जनावर एकदा बसले की उठवणे कठीण. गाभण जनावर जोरात पडल्यास गर्भपाताचाही धोका असतो.

एक नुकसान मात्र सहसा हिशेबात धरले जात नाही. निसरड्या जमिनीवर गायी एकमेकींवर उडायला कचरतात, त्यामुळे माज लक्षातच येत नाही. एक माज चुकला की साधारण 21 दिवस वाया जातात. गाय माज दाखवत नाही अशी तक्रार असेल तर खुराकाबरोबर जमीनही पाहावी. कोब्यावर खुरांच्या लांबट ओढल्यासारख्या खुणा दिसल्या तर जनावरे घसरत आहेत हे नक्की.

नवा कोबा करताना तो घोटून चकचकीत करू नये. गवंड्याला हे आधीच सांगावे लागते, कारण त्याच्या दृष्टीने गुळगुळीत काम म्हणजे चांगले काम! ओला असतानाच खराट्याने रेघा ओढाव्यात किंवा साधारण 1 सेंमी रुंद, तेवढ्याच किंवा थोड्या कमी खोलीच्या खाचा 4 ते 5 सेंमी अंतरावर पाडाव्यात. जनावरे चालतात त्या दिशेला खाचा आडव्या असाव्यात. वळणाच्या जागी चौकटी पाडाव्यात. खाचांच्या धारदार कडा विटेने घासून घ्याव्यात, नाहीतर खुरे सोलतात. गव्हाणीपासून गटाराकडे दर 5 फुटांना 1 ते दीड इंच उतार पुरे. त्याहून जास्त उतार दिला तर पाणी लवकर जाते, पण जनावरही खाली सरकते.

जुना कोबा फोडायची गरज नाही. कटर मशीनने खाचा पाडून घेता येतात. खर्च जमत नसेल तर निदान दारात, पाण्याच्या हौदाजवळ आणि धारेच्या जागी तरी पाडाव्यात. बहुतेक जनावरे तिथेच पडतात. रबरी मॅट चांगली, पण ती आठवड्यातून एकदा उचलून खालची घाण धुवावी. भाताचा पेंढा किंवा तूस पसरल्यास रोज बदलावा. भिजलेला पेंढा स्वतःच घसरडा होतो आणि कासदाहाला वाव देतो.

शेवाळ ताठ ब्रशने घासून काढावे. ब्लीचिंग पावडर वापरताना जनावरे बाहेर न्यावीत आणि जमीन भरपूर पाण्याने धुवावी. दुधाचे कॅन उचलणाऱ्यांना खोल नक्षीच्या तळव्याचे गमबूट द्यावेत. दुधाच्या खोलीत गुळगुळीत टाइल्स बसवू नयेत.

जनावर पडलेच तर शेपटी धरून ओढू नये. खाली वाळू किंवा जाड पेंढा टाकावा, पाय फाकत असतील तर मागच्या दोन्ही पायांना मऊ दोरी सैल बांधून मधे थोडे अंतर ठेवावे, आणि दर 3-4 तासांनी कूस बदलावी. नुकतीच व्यालेली म्हैस बसली असेल तर कारण दूधज्वरही असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकांना लगेच बोलवावे. जमिनीवर दोष टाकून सकाळपर्यंत थांबू नये.