न्हाणीघरांतील बंब

सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या सडकेवर वळसंग गांव लागतें. मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडणारा हा मुलूख. येथें स्नानाच्या जागेस कोणी न्हाणी म्हणतो, कोणी बच्चल. पाणी तापविण्याच्या भांड्यास कोणी हंडा म्हणतो, कोणी हंडे. नांवें निरनिराळीं असलीं तरी भांड्याच्या तक्रारी मात्र दोन्ही भाषांत एकच असत.

परंतु भांड्याच्या आधीं पाणी. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि लहरी. १९७२ च्या दुष्काळांत तर पिण्याच्या पाण्यासाठींच वणवण झाली. पाणी असलें तरी तें सर्वांस मिळे असेंहि नाहीं. सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्कासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि पुढें १९३७ सालीं वळसंग येथील एका विहिरीचें उद्घाटन त्यांच्या हस्तें झालें. बंबाच्या हकीकतींत या गोष्टी कशाला, असें कोणास वाटेल. पण ज्याला विहिरींत पोहरा सोडण्याची मुभा नव्हती, त्याच्या घरीं बंब कसला आणि ऊन पाणी कसलें?

आतां बंबाविषयीं. कोशकार हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दापासून आला असें मानतात. त्याचा अर्थ पाणी खेंचण्याचें वा फेंकण्याचें यंत्र. आग विझविणारा तोहि बंब आणि पोटांत आग घेऊन उभा राहणारा तोहि बंबच! त्यापूर्वीं चुलाण्यावर हंडा ठेवीत, पाणी घंगाळांत काढीत व विसण घालून स्नान करीत. हंड्याखालची बरीचशी आंच भोंवतालीं निघून जाई. बंबानें ती आंच कोंडली. मध्यें उभी नळी, तिच्यांत जळण, नळीभोंवतीं पाणी, खालीं जाळी व राखेची जागा. कांहीं बंबांना खालीं तोटी असे. कांहींची योजना अधिक चतुर होती. नरसाळ्यांतून ओतलेलें गार पाणी तळाशीं जाई, आणि ऊन पाणी हलकें असल्यामुळें वरच्या तोंडांतून तितकेंच बाहेर पडे. तांब्याभर द्यावें तेव्हां तांब्याभर मिळे. असे बंब घडविण्यांत पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचा हातखंडा होता. पत्रा हातोडीनें मठारून घट्ट केल्यामुळें तो पातळ असूनहि दणकट होई.

ही युक्ति केवळ आपलीच नव्हे. रशियांतील सामोवार हें बंबाचें चुलत भावंडच. त्याहून जुना दाखला रोमचा आहे. पहिल्या शतकांतील तत्त्ववेत्ता सेनेका यानें तांब्याच्या पातळ नळ्या आगीभोंवतीं वळवून पाणी वाहतां वाहतां तापविण्याच्या यंत्रांचें वर्णन केलें आहे.

मात्र यंत्र आलें कीं त्याचीं दुखणींहि आलीं. सर्वांत मोठें दुखणें पाण्यांतूनच येई. पावसाचें पाणी हवेंतील व जमिनींतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन मुरतें आणि वाटेंत चुनखडी विरघळवून विहिरींत उतरतें. काळ्या खडकाच्या या प्रदेशांत अनेक विहिरींचें पाणी असें जड असतें. त्यांत डाळ शिजत नाहीं व साबणाला फेंस येत नाहीं. तें तापलें कीं वायु निघून जातो व चुना नळीच्या अंगावर बसतो. हा थर तांब्याच्या मानानें उष्णता शंभरपटींहूनहि कमी वाहतो. मग जळण वाढतें, वेळ वाढतो, आणि घरांतील वडील मंडळी सुनेला म्हणतात कीं तुला बंब पेटवितां येत नाहीं! चिंचेचें आंबट पाणी बंबांत उकळून कांहीं वेळ तसेंच ठेवलें कीं थर मऊ होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. ठोकून काढूं गेल्यास पत्र्याला पोचे येतात व सांधे खिळखिळे होतात.

बंब धुमसूं लागला तर दोष बहुधा तीनांपैकीं एक: जळण ओलें, जाळीखालीं राख तुंबलेली, किंवा नळींत काजळी दाटलेली. या भागांत तुरीच्या काट्या, ज्वारीचीं धसकटें, गोंवऱ्या, जें मिळेल तें जळे. त्यांत गोंवऱ्यांची राख फार. काठीला चिंध्यांचा बोळा बांधून नळींत फिरविणें हा आठवड्याचा कुळाचार असावा लागे. तोटी गळूं लागली तर तिची खुंटी काढून बारीक पूड व तेल लावून जागच्या जागीं घोळवीत, म्हणजे ती पुन्हा नीट बसे. कांहीं दिवस बंब वापरावयाचा नसेल तर तो रिकामा करून कोरडा ठेवीत. एरव्हीं पाणी कळकून हिरवट होई.

एक नियम मात्र मोडून चालत नसे: आधीं पाणी, मग विस्तव. कथील २३२ अंश सेंटिग्रेडवर वितळतें. बंबांत पाणी आहे तोंवर पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाहीं, आणि कथलाचा डाक सुखरूप राहतो. पाणी संपलें कीं तोच डाक पाघळतो, आणि तांबटाच्या दारीं जावें लागतें. वाफेची वाट बंद न करणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें. नरक चतुर्दशीच्या आदल्या सायंकाळीं भांडें घासून, पाणी भरून, त्याला हळदकुंकवाचीं बोटें लावीत. त्या पूजेंत भक्तीबरोबर वार्षिक तपासणीहि आपोआप उरके. त्या पहांटे पहिलें कढत पाणी कर्त्या पुरुषाला आणि शेवटचें कोमट, धूर गिळून तें तापविणाऱ्या बाईला, अशी वांटणी मात्र सरसहा होती व ती कोणास खटकत नसे.

१८६८ सालीं लंडन येथें बेंजामिन मॉन यानें वायूवर चालणारा बंब काढला व आइसलंडांतील उष्ण फवाऱ्यावरून त्याला ‘गीझर’ हें नांव दिलें. त्याच्या यंत्राला धुराडें नव्हतें. ही उणीव फार महाग पडणारी होती. लांकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस दार उघडतो. वायु अपुऱ्या हवेंत जळला तर निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावितो. बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावून तरुण माणसें स्नान करतां करतां गेल्याच्या बातम्या आजहि हिंवाळ्यांत वाचावयास मिळतात. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत लावावा व त्याच्या धुरास वाट द्यावी, एवढ्यानें तें टळतें. विजेच्या गीझरांत ही भीति नाहीं. तेथें चुन्याचा जुना थर तापणाऱ्या कांडीवर बसतो, आणि टांकी गंजूं नये म्हणून घातलेली मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजत राहते. ती वेळेवर बदलावी लागते, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

पाश्चात्य घरांतून ऊन पाण्याचें मोठें टांकें ठेवून त्यांत बसण्याची रीत आहे. कॅलिफोर्नियांतील जकूझी बंधूंनीं घरांतील एका संधिवाती मुलासाठीं पाण्यांत बुडवावयाचा पंप तयार केला व १९५६ च्या सुमारास तो बाजारांत आणला. फवाऱ्यांचें टब १९६८ मध्यें निघालें. त्या टांक्यांत तेंच पाणी आठवडेच्या आठवडे कोमट राहतें. म्हणून क्लोरीन, गाळणी व आम्लतेची मोजणी चुकत नाहीं. १९७६ सालीं फिलाडेल्फियांत एका संमेलनास जमलेल्या माणसांत न्युमोनियाची जी साथ आली, तिचे जंतु अशाच कोमट पाण्यांत वाढतात. घंगाळांत रोजचें पाणी रोज संपे, त्यामुळें आपल्याकडे ही काळजी कोणाला करावी लागली नाहीं.

तांबट आळींत हातोडीचा ठोका अद्याप ऐकूं येतो. पण तेथें आतां बंबांपेक्षां शोभेचीं व जेवणाच्या टेबलावरचीं भांडींच अधिक घडतात. जुने बंब बहुतेक मोडींत गेले. कांहीं मोजके दिवाणखान्यांच्या कोपऱ्यांत उभे आहेत, लिंबामिठानें घासून लखलखीत केलेले, आणि नळींत वाळल्या गवताचे तुरे खोंवलेले.