घरातले दोन राउटर आणि पत्त्यांची टंचाई : बालाघाटच्या संदर्भात

घरातील इंटरनेटजोडणीत एकामागे एक असे दोन राउटर बसले की बाहेरून घरातल्या यंत्राशी संपर्क साधणे अवघड होते, आणि त्यासाठी केलेली पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद बरोबर दिसत असूनही निष्फळ ठरते. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावर चालणाऱ्या निरनिराळ्या सेवा ओळखण्यासाठी ठरवलेला ६५,५३५ पर्यंतचा क्रमांक. आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपल्या बाहेरील पत्त्यावर अमुक क्रमांकाने आलेली मागणी घरातल्या अमुक यंत्राकडे पाठवावी, अशी राउटरला दिलेली कायमची सूचना. ती का फसते हे समजून घ्यायचे तर भारतातील इंटरनेट घरात कोणत्या क्रमाने शिरले ते पाहावे लागते, कारण त्या दोन राउटरांपैकी प्रत्येक जण वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी तिथे आलेला असतो.

दुरून घरातल्या यंत्राशी जोडण्याची गरज कुठून येते हे मध्य प्रदेशातील बालाघाटच्या उदाहरणावरून आधी पाहू. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, भंडारा आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून घडवण्यात आला. १९५६ पर्यंत त्याच्या राज्याची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. सीमा आखली गेली तरी सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याकडे चालूच राहिल्या, आणि मराठी व पोवारी बोलणाऱ्या घरांतील मुले शिक्षण व नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे गेली. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा मुलूख असल्याने राइस मिल हा इथला जुना उद्योग आहे. मिलच्या आवारातले किंवा आईवडिलांच्या घरातले कॅमेरे दुसऱ्या गावाहून पाहता यावेत ही अपेक्षा अशा जिल्ह्यात स्वाभाविक ठरते, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा प्रश्न घरगुती पातळीवर बहुधा याच अपेक्षेतून पुढे येतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने महानगरांतून सुरू केले. लहान शहरांपर्यंत ते पुढच्या काही वर्षांत टेलिफोनच्या तारेवरून, म्हणजे डायल-अपने, पोचले. त्या काळात जोडणी लागली की सेवादात्याच्या साठ्यातला एक सार्वजनिक पत्ता, म्हणजे जगातील कोणत्याही यंत्राला थेट गाठता येईल असा क्रमांक, सामान्यतः घरातल्या एकमेव संगणकालाच मिळत असे. तो प्रत्येक वेळी बदलत असला तरी संगणक आणि जग यांच्यामध्ये कोणी उभा नव्हता. म्हणूनच त्या काळातल्या घरगुती वापरकर्त्याला पोर्ट फॉरवर्डिंग हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जगाच्या पातळीवर मात्र पत्त्यांची चिंता आधीच सुरू झाली होती. इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देऊन निरोप पोचवण्याची नियमावली म्हणजे आयपी; १९८१ मध्ये निश्चित झालेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकत होते. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅट, म्हणजे पत्ता बदलून पाठवण्याची पद्धत, एका टिपणात मांडली आणि ती अल्पकालीन उपाय म्हणूनच सुचवली. फेब्रुवारी १९९६ मध्ये दहाने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवल्याचे आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पक्के केले. आत कितीही यंत्रे असोत, सीमेवरचा राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणत्या पोर्टवरचे उत्तर आत कोणाला द्यायचे याची वही ठेवतो. बालाघाटच्या वाचकाला यातील मर्म गोंदियावरून समजेल : सातपुड्यातील अडीच फुटी रेल्वेमार्गाने आलेला माल गोंदियाला उतरवून रुंद मार्गाच्या डब्यांत चढवावा लागे, आणि तिथल्या नोंदीत नसलेल्या मालाला पुढची वाट मिळत नसे. राउटरच्या वहीत आतून सुरू झालेल्या संवादाचीच नोंद आपोआप होते. बाहेरून आपणहून आलेल्या मागणीसाठी ती नोंद हाताने करावी लागते. अल्पकाळासाठी सुचवलेली ही सोय तीस वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि घरगुती जाळ्याच्या पुढील बहुतेक गुंतागुंती तिच्यातूनच वाढल्या असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या केली आणि २००५ मध्ये भारत संचार निगमाची डेटावन सेवा टेलिफोनच्याच तांब्याच्या जोडतारेवर सुरू झाली. ग्राहकाला भाड्याने किंवा विकत मिळणारा मोडेम दोन रीतींनी चालू शकत असे. ब्रिज रीतीत तो केवळ तारेवरचा संकेत संगणकाला समजेल अशा रूपात देई आणि नाव व परवलीचा शब्द घालून जोडणी लावण्याचे काम, ज्याला पीपीपीओई म्हणतात, संगणक स्वतः करी. परिणामी सार्वजनिक पत्ता पूर्वीप्रमाणे संगणकाकडेच राही. दुसऱ्या रीतीत नाव आणि परवलीचा शब्द मोडेममध्येच साठवले जात आणि तोच राउटर बनून आतल्या यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटी. मोडेम चालू करताच इंटरनेट मिळते आणि एकाहून अधिक संगणक चालतात या सोयीमुळे ही दुसरी रीत सर्वत्र रुळली. बहुसंख्य घरांत सार्वजनिक पत्ता संगणकाकडून मोडेमकडे गेला तो या टप्प्यावर, आणि घरातल्यांना त्याची जाणीवही झाली नाही.

दुसरा राउटर आला तो वायफायसाठी. सुरुवातीच्या अनेक मोडेमना वायफाय नव्हते, ज्यांना होते त्यांचा संकेत जाड भिंतींच्या घरात मागच्या खोलीपर्यंत पोचत नसे. म्हणून बाजारातून वायफाय राउटर आणून मोडेमची तार त्याच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, खोबणीत घातली गेली. त्यामुळे पत्ता दोनदा बदलू लागला. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आतल्या राउटरला जोडलेला असेल आणि नोंद फक्त तिथेच केली असेल, तर बाहेरची मागणी मोडेमपाशीच थांबते, कारण त्याच्या वहीत तिचा उल्लेख नसतो. २००१ मध्ये आलेली यूपीएनपी ही यंत्रांनी स्वतःच राउटरकडून पोर्ट उघडून घेण्याची पद्धतही इथे अपुरी पडते, कारण यंत्राची विनंती सर्वांत जवळच्या राउटरपर्यंतच जाते. दोन्ही राउटर १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत असतील तर गोंधळ आणखी वाढतो, कारण कोणता पत्ता आतला आणि कोणता बाहेरचा हे राउटरलाच ठरवता येत नाही.

यावरचे उपाय नीट पाहिले तर त्यांतील सर्वांत चांगला उपाय हा मोडेमला २००५ मधील मूळ कामावर परत पाठवण्याचाच आहे : त्याला ब्रिज करावे, पीपीपीओईचे नाव व परवलीचा शब्द आतल्या राउटरमध्ये भरावा, आणि पत्ता बदलण्याचे काम एकाच ठिकाणी ठेवावे. याच्या उलट, आतल्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद करून तार त्याच्या लॅन, म्हणजे आतल्या, खोबणीत घातली तर तो केवळ वायफाय पसरवणारे साधन उरतो आणि नोंद मोडेममध्ये करता येते. हे दोन्ही शक्य नसेल तरच दुहेरी नोंद करावी. म्हणजे डीव्हीआरचा पोर्ट, जो अनेक बनावटींत ८००० किंवा ३७७७७ असतो, मोडेमने आतल्या राउटरच्या वॅन पत्त्याकडे आणि त्या राउटरने डीव्हीआरकडे पाठवावा, व हे दोन्ही पत्ते बदलणार नाहीत असे बांधून ठेवावेत. तपासणी घराच्या वायफायवरून न करता मोबाइल डेटावरून करावी, कारण आतून बाहेरच्या पत्त्याला दिलेली हाक परत आत वळवणे पुष्कळ राउटरांना जमत नाही आणि बरोबर असलेली नोंदही चुकीची वाटते.

हे सारे उपाय सार्वजनिक पत्ता निदान मोडेमपर्यंत येतो असे धरून चालतात, आणि तेच गृहीतक पुढे ढासळले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले, आणि १५ एप्रिल २०११ पासून आशिया-पॅसिफिकच्या नोंदणीसंस्थेने उरलेल्या गटातून प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचे बंधन घातले. नव्या ग्राहकांसाठी सेवादाते स्वतःच्या केंद्रातही पत्ता बदलू लागले. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखला गेला. मोबाइलवर, आणि स्थानिक केबलचालकांच्या हातून आलेल्या फायबरवरही, ही रीत सरसकट आढळते. बाहेरच्या राउटरच्या वॅन रकान्यात या पट्ट्यातला किंवा कोणताही खासगी पत्ता दिसला आणि जगाला दिसणारा पत्ता वेगळाच निघाला, तर तिसरी वही घराबाहेर आहे हे निश्चित समजावे. तिच्यात ग्राहकाला नोंद करता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग हवेच असेल तर स्थिर सार्वजनिक पत्ता पैसे भरून मागणे एवढेच हाती उरते. आपल्याच घरातल्या यंत्रापर्यंत पोचण्याचा हक्क अशा रीतीने मासिक आकाराची बाब बनावा, हे या इतिहासातील खरे नुकसान आहे.

उघडलेल्या पोर्टचा धोकाही याच काळात जगासमोर आला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने मूळचेच परवलीचे शब्द ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीच्या सेवेवर हल्ला होऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. त्यानंतर कॅमेऱ्याने स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवायचा आणि मोबाइलने तिथून चित्र घ्यायचे ही पद्धत अधिकाधिक रूढ होत गेली. तिच्यात पोर्ट उघडावा लागत नाही आणि राउटर कितीही असले तरी अडत नाही. घरातले चित्र मात्र कंपनीच्या भरवशावर राहते.

पत्त्यांची टंचाई मुळातून संपवणारी आयपीची सहावी आवृत्ती १२८ बिटांची आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्येच तिच्या प्रसाराचा आराखडा जाहीर केला होता, आणि आज भारतातील मोबाइल जाळ्यांवर ती मोठ्या प्रमाणात चालते. तिच्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे फॉरवर्डिंगची गरज उरत नाही आणि राउटरच्या संरक्षक भिंतीत त्या यंत्रापुरती परवानगी देणे पुरते. दोन राउटरांच्या घरात मात्र इथेही एक अट आहे : आतल्या राउटरला वाटण्यासाठी पत्त्यांचा स्वतंत्र तुकडा बाहेरच्या राउटरने पुढे द्यावा लागतो. सेवादात्याने घराला एकच तुकडा दिला असेल किंवा बाहेरचा राउटर तो पुढे देऊ शकत नसेल, तर आतल्या राउटरमागची यंत्रे या नव्या आवृत्तीपासून वंचित राहतात, आणि अशा वेळी एका राउटरला ब्रिज करणे किंवा त्याला केवळ वायफायपुरते ठेवणे हाच मार्ग पुन्हा घ्यावा लागतो.