शस्त्रपरवाना व आंतरराज्य प्रवास (हैदराबाद)

परवाना असलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ बाळगून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याविषयीचे कायदे, नियम आणि प्रत्यक्ष रीत. हैदराबाद हे या विषयाचे सोयीचे उदाहरण आहे. या शहरातून काही तासांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांत पोहोचता येते, आणि नांदेड, लातूर, उमरगा, सोलापूर या मराठी मुलखाशी त्याचा रोजचा व्यवहार आहे. भारतात शस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीत (नोंद ५) येतो, म्हणून कायदा देशभर एकच आहे. परवाना मात्र देशभर चालतोच असे नाही. त्यावर क्षेत्र लिहिलेले असते आणि त्या क्षेत्राबाहेर परवानाधारकाचा अधिकार संपतो. आंतरराज्य प्रवासातील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात, आणि बहुतेक परवानाधारक नेमकी तीच विसरतात.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाचे शस्त्र परवान्याखाली आणले. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतला हा कायदा. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हैदराबाद संस्थानात निजामाची स्वतःची हुकमत होती. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातून संस्थानात बंदूक नेणे म्हणजे एक राजवट सोडून दुसरीत शिरणे होते. १९४७-४८ मध्ये ही हद्द फार तापली. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने कराचीहून विमानाने निजामाकडे शस्त्रे पोहोचवली. दुसरीकडे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते बार्शी, उमरखेड अशा सीमेलगतच्या कॅम्पांतून संस्थानात हत्यारे नेत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर पडलेला छापा याच सशस्त्र लढ्याचा भाग. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचा मराठी भाग मुंबई राज्याला जोडला गेला. पूर्वी एकाच राज्यात असलेले नांदेड आणि हैदराबाद तेव्हापासून दोन राज्यांत आहेत. परवान्यावरच्या क्षेत्राच्या रकान्याला तिथे महत्त्व येते ते यामुळे.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, तेही ‘विनाशस्त्र’. आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या ३ वरून २ वर आणली, परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली आणि शिक्षा वाढवल्या.

हैदराबाद शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. नांदेडसारख्या जिल्ह्यात तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याचा. हे अधिकार अप्रतिबंधित बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) शस्त्रांपुरते आहेत. सामान्य नागरिकाकडे साधारणपणे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असते. अर्जदाराचे वय किमान २१ लागते, पोलिसांचा चौकशी अहवाल लागतो आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण झालेले असावे लागते. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीसंचातील एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो; तो नसलेला जुना कागद प्रवासात काहीच कामाचा नाही.

क्षेत्राचा रकाना भरतानाच पुढचा प्रवास ठरतो. परवाना एका जिल्ह्यापुरता, राज्यापुरता, शेजारच्या काही राज्यांसह किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो. क्षेत्र वाढवून हवे असेल तर कारण द्यावे लागते: दुसऱ्या राज्यातील व्यवसाय, शेती, नोकरीतील फिरती, जिवाला असलेला धोका. अखिल भारतीय वैधता ही मुख्यतः मंत्री व खासदार, सैन्य व निमलष्करी दलांतील लोक, कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि नेमबाज यांच्यासाठी असावी, असे केंद्राच्या २०१० च्या धोरणात म्हटले होते. या शिक्क्याला किती किंमत आहे, हे जम्मू-काश्मीरमधील प्रकरणाने दाखवले. तेथील जिल्ह्यांतून २०१२ ते २०१६ या काळात गैरमार्गाने दिले गेल्याचा आरोप असलेल्या सुमारे २ लाख ७८ हजार परवान्यांचा तपास सीबीआयने हाती घेतला. परराज्यातील परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या खासगी सुरक्षारक्षकाकडे शहरांतले पोलीस तेव्हापासून अधिक बारकाईने पाहतात. प्रामाणिक रक्षकालाही त्याचा त्रास होतो, पण ही तपासणी आवश्यकच आहे.

आता रस्ते. हैदराबादहून सोलापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ संगारेड्डी, जहीराबाद करत थेट महाराष्ट्रात येत नाही. मध्ये कर्नाटकातला बिदर जिल्हा लागतो. हुमनाबाद, बसवकल्याण ओलांडल्यावर उमरगा येते. म्हणजे तेलंगणा आणि महाराष्ट्र अशा दोनच राज्यांची वैधता असलेला प्रवासी वाटेत काही काळ परवान्याच्या बाहेर असतो. सुटण्याचे ठिकाण कायदेशीर, पोहोचण्याचे ठिकाण कायदेशीर, आणि मधला पट्टा बेकायदा. ‘गाडी कुठे थांबवलीच नाही’ हे सांगून भागत नाही, कारण शस्त्र जवळ बाळगणे यालाच परवाना लागतो. रेल्वेचेही तसेच. सिकंदराबादहून विकाराबाद, तांडूर, वाडी, कलबुर्गी करत सोलापूरला जाणारी गाडी आणि बिदर, भालकीवरून उदगीर-लातूर रोडला येणारी गाडी, दोन्ही कर्नाटकातून जातात. याउलट निजामाबाद, बासर, धर्माबादमार्गे नांदेडला येणारी रेल्वे, मदनूरनंतर देगलूरला पोहोचणारा महामार्ग १६१ आणि आदिलाबादपुढे पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडे जाणारा महामार्ग ४४ हे तेलंगणातून सरळ महाराष्ट्रात उतरतात. शस्त्र सोबत असेल तर वाट निवडताना अंतराआधी परवान्यावरची राज्यांची नावे पाहावीत.

शस्त्र कसे न्यावे हे २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले असावे आणि त्यावर परवानाधारकाचा सतत ताबा असावा. दाखवणे, रोखणे, हवेत बार काढणे याला मनाई आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाने केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल ठेवून ढाब्यावर जेवायला उतरणे ही सर्रास दिसणारी सवय आहे आणि ती सरळ सरळ चुकीची आहे. मालकाचे शस्त्र चालकाने किंवा नातेवाइकाने एकट्याने नेणेही तसेच. दुरुस्ती, नूतनीकरण किंवा मालकाच्या वापरासाठी, मालकाच्या समक्ष अथवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर ते नेता येते, अन्यथा नाही.

मूळ परवाना जवळच हवा. अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी तो मागू शकतो आणि दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त करू शकतो. कलम २० याहून व्यापक आहे. शस्त्र परवान्याचे असो वा नसो, ते बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा रास्त संशय येईल अशा रीतीने कोणी नेत असेल, तर पोलीसच नव्हे, रेल्वे, विमान, जहाज किंवा अन्य वाहनावर काम करणारी व्यक्तीही त्याला वॉरंटाशिवाय अटक करू शकते. परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास कलम २५ खाली २ ते ५ वर्षे कैद आणि दंड. क्षेत्राबाहेर सापडलेले शस्त्र या दोहोंपैकी कशात धरायचे, याचा निकाल अखेर न्यायालयात लागतो. तोवर शस्त्र मुद्देमाल म्हणून जमा असते आणि माणूस दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाच्या तारखा करत असतो.

विमानप्रवासाची रीत वेगळी. शमशाबादचा राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. तेथे किंवा देशातील कोणत्याही विमानतळावर प्रवाशाला पिस्तूल हातातल्या सामानात नेता येत नाही. चेक-इनच्या वेळी ते स्वतःहून जाहीर करायचे, परवाना दाखवायचा, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून द्यायची. मग ते विमानाच्या सामानकक्षातून जाते. काडतुसे वेगळी, पक्क्या वेष्टनात, वजनाच्या मर्यादेत (आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दर प्रवाशाला ५ किलोपर्यंत). विमान कंपन्या यासाठी शुल्क घेतात आणि त्यांच्या अटी सारख्या नसतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

विमानतळावरच्या खटल्यांत बरेच खटले पिस्तुलाचे नसतात. बॅगेच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या एखाद्या काडतुसाचे असतात. काडतूस हाही दारूगोळाच. क्ष-किरण यंत्रात ते दिसले की गुन्हा नोंदवला जातो. इथे न्यायालयांनी एक मोलाचे तत्त्व लावले आहे. बाळगणे म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात (१९७२) आणि पुढे संजय दत्त खटल्यात (१९९४) सांगितले. वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीव आणि तिच्यावरचा ताबा, दोन्ही हवेत. या आधारावर उच्च न्यायालयांनी विसरलेल्या एखाद्या काडतुसावरून नोंदलेले अनेक गुन्हे रद्द केले आहेत. तरीही तिथवर पोहोचायला वकील, वेळ आणि पैसा लागतो. शस्त्राच्या सरावाला वापरलेली बॅग प्रवासाला घेऊ नये, हा यावरचा साधा उपाय.

वैध क्षेत्रातही शस्त्राला काही जागा बंद आहेत. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे ते नेता येत नाही, ही परवान्याचीच अट आहे. हैदराबादचा माणूस पंढरपूरला किंवा तुळजापूरला यात्रेसाठी निघाला असेल तर रिव्हॉल्व्हर सोबत घेण्याचे कारणच उरत नाही. निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागताच जिल्हा पातळीवरील छाननी समिती कोणाची शस्त्रे जमा करून घ्यायची हे ठरवते आणि शस्त्रे घेऊन फिरण्यावर मनाई आदेश निघतात. आपल्या राज्यात निवडणूक नाही म्हणून निश्चिंत निघालेला प्रवासी शेजारच्या राज्यातल्या नाकाबंदीत अडकू शकतो, कारण लागू होतो तो तिथला आदेश. अशा वेळी शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन ठेवावे. स्वसंरक्षणाच्या नावाखाली शस्त्र सोबत नेण्यापेक्षा बहुतेक प्रवासांत हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो.

मुक्काम लांबला तर कर्तव्य वाढते. शस्त्रासह दुसरीकडे ३० दिवसांहून अधिक राहायचे झाल्यास नव्या ठिकाणच्या आणि मूळ अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवावे लागते. नोकरीसाठी पुण्याहून हैदराबादला आलेल्यांना हे बहुधा नूतनीकरणाच्या वेळी आठवते. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच कळवणे बंधनकारक आहे, मग ते ठाणे कोणत्याही राज्यातले असो.

सर्वांत जास्त राज्यसीमा ओलांडतात ते नेमबाज. हैदराबादचा गगन नारंग (लंडन २०१२, १० मीटर एअर रायफलमध्ये कांस्य), हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पदके जिंकणारी हैदराबादचीच ईशा सिंग, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत व राही सरनोबत, पॅरिस २०२४ चा कांस्यविजेता स्वप्निल कुसाळे, या सगळ्यांचे आयुष्य सराव आणि स्पर्धांच्या प्रवासात गेले आहे. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफल व एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ईशाच्या २५ मीटर प्रकारातले पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे आणि त्याला सर्व नियम लागू होतात. म्हणूनच नेमबाजांसाठी शस्त्रसंख्या, काडतुसे, क्षेत्र आणि कनिष्ठ गटाचे वय यांबाबत वेगळ्या तरतुदी आहेत. सवलतींचा खरा हक्कदार हाच वर्ग.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा प्रश्न उलट्या बाजूने भेटतो. तिथे शस्त्र हा घटनात्मक हक्क, पण जवळ बाळगण्याचे नियम राज्यागणिक वेगळे, आणि एका राज्याची परवानगी दुसरे राज्य मानतेच असे नाही. मधल्या राज्यासाठी मात्र तेथे १९८६ च्या संघीय कायद्याने वाट काढली. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामे असेल आणि प्रवाशांच्या हाताशी येणार नाही अशा जागी बंद असेल, तर वाटेतील राज्यातून जाता येते. भारतीय कायद्यात मधल्या राज्यासाठी अशी आपोआप मिळणारी मोकळीक नाही. बिदर जिल्ह्यातील तो पट्टा ओलांडायचा असेल तर कर्नाटकाचे नाव परवान्यावर आधीच असावे लागते.